अठरावं भोक

बहात्तर साली म्हापशाच्या कचेरीत
यंत्र बसवलं, असं पेपरात छापून आलं.
यंत्र म्हणजे काय, तर
कडेला भोकं पाडलेली जाड कार्डं,
सागवानी खण,
बसच्या कंडक्टरकडे असतो तसा चिमटा
आणि हातभर लांब सुई.

सुई दुसऱ्याच आठवड्यात हरवली.
इर्मेलिंदानं घरून स्वेटर विणायची आणली.
गोव्यात स्वेटर कोण घालतं, असं कुणी विचारलं नाही.
तिचा नवरा बोटीवर होता.

फाल्कांवसाहेब समजावत:
एक भोक म्हणजे एक प्रश्न.
खाजन आहे? चौथं.
माड आहेत? नववं.
विहीर? अकरावं.
जुन्या पोर्तुगीज वहीत उतारा मिळाला? बारावं.
उत्तर होय असलं की
भोकापासून कडेपर्यंत चिमट्यानं कापून टाका.
मग गठ्ठ्यातून सुई ओवा, उचला, हलवा.
शाबूत असतील ते लटकून राहतील,
कापलेले खाली पडतील.
पडतील ते आपले.

याआधी हे सगळं बाबनी शिरोडकर करायचा.
वाळवीची वही, दमट वही, लिस्बनच्या शाईची वही,
अंधारातही वासावरून काढून द्यायचा.
पेन्शन घ्यायला आला तेव्हा त्यानं एक कार्ड
नाकाशी धरलं, परत ठेवलं.
'हाका वास ना,' म्हणाला,
आणि छत्री विसरून गेला.

आम्ही मात्र खूश होतो.
दोन मिनिटांत शिवोलीची सगळी खाजनं टेबलावर!
कार्डं पडायची तो आवाज
पत्त्यांच्या डावासारखा,
आणि आम्ही दोघी हसायचो, ऑफिसात, मोठ्यानं.

मग हणजूणहून दुर्पती आली.
चपला दाराबाहेर काढून.
'बाय, म्हजें घर सोदून दी.'

सुई ओवली. हणजूण पडलं.
हणजूणमधून भाट पडलं:
माड त्रेसष्ट, विहीर एक, फणस दोन,
भाटकार लिस्बनला, पत्ता नाही.
घर पडेना.
सासऱ्यानं बांधलेलं, मातीचं, तीन खणांचं,
ज्यात ती एकोणतीस वर्षं चूल पेटवत होती.
पुन्हा हलवलं. पुन्हा तेच माड.
ती कार्डाकडे बघत होती,
वाचता येत नसलेलं माणूस बघतं तशी नाही,
देवाच्या कौलाकडे बघतात तशी.

'भोकं सतरा,' साहेब म्हणाले.
'प्रश्न वरून येतात. राहतं कोण, हा प्रश्न आलेला नाही.'
माणूस वाईट नव्हता.
दुर्पतीला स्वतःच्या ग्लासातून पाणी दिलं त्यानं.

कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात
सतराव्यानंतर बोटभर जागा मोकळी होती.
जेवणाच्या सुट्टीत मी हणजूणचा गठ्ठा घेतला,
दोनशे चौदा कार्डं.
प्रत्येकाला अठरावं भोक पाडलं.
एकाचं कडेपर्यंत कापलं.
चिमट्यानं तळहाताला फोड आला.
इर्मेलिंदा दारात उभी राहून विणत होती,
तिला विणता येत नव्हतं.

नंतर आणखी लोक आले. कुणी सांगितलं देव जाणे.
साहेबांना कधी कळलं, तेही ठाऊक नाही.
एवढंच, की एका सोमवारी
माझ्या टेबलावर नवा चिमटा होता.

अठ्ठ्याऐंशीत पणजीहून कॉम्प्युटर आला,
सोबत एक तरुण, इस्त्रीच्या शर्टातला.
कार्डं बघून बघून आकडे भरायचा.
'मॅडम, अठराव्याचा अर्थ यादीत नाही. चूक धरू?'
'नाही.'
'मग काय लिहू?'
मी सांगायला लागले. लांबलं. त्याला बस गाठायची होती.
त्यानं रकाना केला: इतर.

कार्डं रद्दीत गेली.
परवा शुक्रवारच्या बाजारात
चणेवाल्यानं त्यातल्याच एकावर चणे दिले.
भोकांतून मीठ गळत होतं.
चणे ओंजळीत ओतून घेतले,
आणि रस्त्यातच, माणसांचे धक्के खात,
अंगठ्यानं उजवा कोपरा चाचपला.